अमावास्येला लाल

१९९४. माघातली अमावास्या, संध्याकाळचे सात. कमलबाईंनी माझी काच फिरवली आणि मी हिरवीची लाल झाले.

मित्रांनो, मी रेल्वेची जुनी हातबत्ती आहे. पोटात रॉकेलची वात, भोवती फिरणाऱ्या लाल-हिरव्या काचा. कमलबाईंचे मालक सुपडू नाना गँगमन होते. मला लाल करून त्यांनी अख्ख्या गाड्या थांबवल्या. मी भंगारात निघाले, तेव्हा साहेबाकडून मागून घेऊन त्यांनी मला अनेर नदीकाठच्या घरी आणले. कमलबाई राखेने माझा पत्रा लख्ख घासत.

एका अमावास्येला नाना नदीपलीकडे गेले, ते परतले नाहीत. तेव्हापासून कमलबाई मला रोज दाराशी हिरवी टांगत. हिरवा म्हणजे वाट मोकळी.

मग विद्यापीठाचे बन्सीलाल सर आले. असा काळोख आता कुठे उरला नाही, म्हणाले. शहरातली माणसे तारे पाहायला येतील, इथेच राहतील, जेवतील. गावातल्या पोरांना कामासाठी सुरतेला जावे लागणार नाही. फक्त दाराचा दिवा लाल हवा. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत.

“सर, लाल देखीसन त्या थांबी जातीन ना!” कमलबाई म्हणाल्या.

“कोण?”

“सुपडू नाना, दुसरं कोन!” शेजारचा लोटन हसला. “रेल्वेना माणूस, सिग्नल तोडाव नही.”

कमलबाई हसल्या नाहीत. पण पोरे सगळ्या गावाची होती. कमलबाईंनी काच फिरवली.

त्या रात्री पाहुणे माना वर करून उभे होते. मी समोर पाहत होते. कोरड्या पात्रातून पावले वाजत आली आणि माझ्या उजेडाच्या कडेला थांबली. सकाळी वाळूत अनवाणी पायांच्या खुणा होत्या. येणाऱ्या. परतणाऱ्या नव्हत्या.

“पाहुण्यांपैकी कोणी असेल,” सर म्हणाले.

“बठ्ठा पाहुणासना पायमा बूट व्हतात, सर,” लोटन म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

दर अमावास्येला पाहुणे वाढत गेले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन खूश होऊन जात. पोरे गावातच राहिली. माझ्या काचेवर काजळी साचली, कारण कमलबाई आता मला घासत नव्हत्या. त्या उंबऱ्यात बसून पात्राकडे पाहत. पावले येत, तिथेच थांबत.

कालच्या अमावास्येला पाहुणे आकाश पाहत असतानाच कमलबाई उठल्या. पदराने त्यांनी माझी काच पुसली आणि फिरवली.

“हिरवा कोणी केला?” अंधारातून सर ओरडले.

“मी. खूप थांबनात त्या, सर. आते येऊ द्या.”

मित्रांनो, जुन्या दिव्याला तेल घाला, त्याची काजळी पुसा. पण त्याचा रंग बदलण्याआधी तो कोणासाठी टांगला आहे, एवढे विचारा.

आता उन्हे वर आली आहेत. वाळूच्या खुणा पायरीपर्यंत आहेत. दार आतून बंद आहे. सर मघापासून कडी वाजवत आहेत. मी अजून हिरवीच आहे.