पाच कांड्यांची डबी

"टक्," क्वो साहेब म्हणाले. डबीचं झाकण कानाशी धरून त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. "ऐकलंस? टक्! मला ठक् हवंय."

"ठक् येईल, साहेब. पण चुंबक मोठं घ्यावं लागेल," लिनशेंग म्हणाला. "मग उघडताना नख तुटेल."

"तुटू दे. आपलं थोडंच तुटणार आहे? तुटेल तिकडे जर्मनीतल्या गिऱ्हाइकाचं."

क्वो साहेबांनी इवल्याशा पेल्यात सकाळपासूनचा कितवा तरी चहा ओतला आणि पुढे सरकवला. लिनशेंगने रिवाजाप्रमाणे टेबलावर दोन बोटं आपटून आभार मानले. क्वो साहेब कारखान्याचे मालक असले तरी त्यांचा जीव खरा चहात होता. धंदा ते दोन पेल्यांच्या मध्ये करायचे.

तान लिनशेंग इ-सिगरेटच्या चार्जिंगच्या डब्या आखायचा. शेन्झेनमधल्या शाजिंगच्या त्या गल्लीत कुणी नळ्या करायचं, कुणी आतला रस, कुणी खोकी. लिनशेंगच्या वाट्याला झाकणं आली होती. कांडी डबीत ठेवली की भरते, बाहेर काढली की ओढायला तयार, एवढं साधं काम. पण त्या झाकणापायी त्याच्या डोक्यावरचे निम्मे केस गेले होते. माहेरी कुणी विचारलं की त्याची बायको फांगयिंग सांगायची, "आमचे हे झाकणं लावतात." तिने एकदा तरी 'इंजिनियर आहेत' म्हणावं, एवढीच त्याची माफक इच्छा होती. स्वतः तो कसलीच सिगरेट ओढत नव्हता. आंब्याच्या वासाचा एक नमुना चाखताना त्याला असा ठसका लागला होता, की त्यानंतर चाखायच्या कामाला त्याला कुणी बोलावलं नाही.

ठक्ची चर्चा अशी रंगात आलेली असताना हूनानमधल्या गावाकडून बहिणीचा फोन आला.

"दादा, बा आजपण लपला," छुनमेई म्हणाली.

"लपला म्हणजे?"

"शेजारी नातू झाला ना, त्याचं जेवण होतं. सगळे पुरुष टेबलाला बसले आणि बा कुठे? तर मागे चुलीपाशी लसूण सोलतोय! आचाऱ्याला मदत म्हणे. जन्मात कधी लसणाला हात लावला नाही त्याने."

कारण दोघांनाही ठाऊक होतं. उन्हाळ्यात डॉक्टरांनी बाचं फुप्फुस पाहिलं आणि सिगरेट कायमची बंद केली. न ओढण्याचं दुःख बाने गिळलं. त्याला गिळता येत नव्हतं ते न देण्याचं दुःख. त्यांच्या गावात पुरुषाला पुरुष भेटला की आधी हात खिशात जातो, पाकीट बाहेर येतं, एक सिगरेट पुढे होते आणि मग तोंड उघडतं. समोरच्याच्या तोंडात आधीच एक असली तर तो दिलेली कानामागे खोचतो. नाही म्हणायची पद्धत नाही. आणि हानछिंग, म्हणजे लिनशेंगचा बा, हा तर गावातला नावाजलेला देणारा. दोन भाऊ बांधावरून भांडायला उठले की हा मध्ये उभा राहायचा, दोघांना एकेक द्यायचा, दोघांच्या एकाच काडीने पेटवायचा, आणि त्या ओढून होईपर्यंत भांडणातली हवा गेलेली असायची. आता नुसतं पाकीट बाळगावं तर देणाऱ्यालाही सोबत ओढावी लागते. पाहुण्याला जेवायला बसवून यजमानाने स्वतः ताट घेऊ नये, असं कसं चालेल? म्हणून बाने रस्त्यावर जाणंच सोडलं. दार लावून घेतलं. आलेले लोक दोनदा हाका मारून परत गेले आणि मग यायचे थांबले.

"मी दिलेली ती विजेची कांडी कुठेय?" लिनशेंगने विचारलं.

"तूच बोल त्याच्याशी."

बा फोनवर आला. "लिनशेंग, तू शिकलेला आहेस, मला एक सांग. ही कांडी मी तोंडात घातली. समोरून लियाओ खाटीक आला. त्याला काय देऊ? माझी उष्टी?"

जगभराला पुरतील एवढ्या कांड्या करणाऱ्या त्या गल्लीत हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. कांडी एकाची, डबी एकाची, खिसा एकाचा. आपण इतकी वर्षं एकट्या माणसांसाठी झाकणं करत आलो, हे लिनशेंगच्या त्या दिवशी लक्षात आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

आठवड्याभरात त्याने नवी डबी आखली. सिगरेटच्या पाकिटाएवढी, आत पाच बारक्या कांड्या. झाकण उघडून खालून अंगठ्याने दाबलं की एक कांडी अर्धी वर यायची, अगदी पाकीट झटकून पुढे केल्यासारखी. पाचही कांड्या जागेवर असल्या की हिरवा दिवा लागायचा. एक जरी बाहेर राहिली तरी नारिंगी दिवा लुकलुकायचा, म्हणजे कुठे विसरायला नको. आत नुसती वासाची वाफ, निकोटीन नाही.

क्वो साहेबांनी डबी उलटसुलट केली. "एका माणसाला पाच कशाला?"

"वाटायला."

"फुकट?" साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला. ही गोष्ट गंभीर होती. "तान, आपण एकेकाला एकेक विकायचं, की एकाला विकून पाच जणांची सोय करायची? हे धंद्याच्या मुळावर येणारं झाकण आहे." मग त्यांनी ती कानाशी धरून मिटली. ठक्! साहेबांचा चेहरा उजळला. "हा आवाज मात्र ठेव. डबी घरी घेऊन जा."

ऑक्टोबरच्या सुट्टीत गावात लग्न होतं. लिनशेंग डबी घेऊन गेला. बाने ती छातीच्या खिशात घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. मग आरशासमोर उभा राहून एकदा पुढे करून पाहिली. लसूण सोलायला गेला नाही.

मांडवात लियाओ खाटीक समोर आला. एवढा मोठा गडी, आवाज असा की डुकरं त्याच्या नुसत्या खाकरण्याने घाबरायची. बाचा हात खिशात गेला. ठक्. एक कांडी वर आली.

"आयला, हानदा!" लियाओ ओरडला. "तू जिवंत आहेस होय? आणि हे काय, शाईचं पेन देतोस का मला?"

"ओढ, ओढ. पोराने केलंय."

लियाओने ओढली, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "आंबा!" झालं. पंग न्हावी आला, आणखी तिघं आले. बा एकेकाला देत सुटला. लिनशेंग लांबून बघत होता. बापाचे खांदे किती महिन्यांनी सरळ झाले होते! त्याला गहिवरून आलं आणि ते लपवायला त्याने मिरचीतला मासा तोंडात घातला, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं.

तेवढ्यात नवऱ्याचा बाप खऱ्या सिगरेटची पाकिटं वाटत आला. पाचही म्हाताऱ्यांनी काय करावं? हातातली कांडी कानामागे खोचली, खरी पेटवली, जेवले, प्याले आणि आपापल्या घरी गेले. बाच्या खिशात रिकामी डबी, आणि खिशाच्या कापडातून नारिंगी दिवा लुकलुकतोय.

"बा, त्या परत घ्यायच्या असतात!" लिनशेंगचा आवाज चढला.

"दिलेली सिगरेट परत मागू? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"निदान स्वतःसाठी एक तरी ठेवायचीस."

"यजमानाने आधी आपलं ताट वाढून घ्यायचं, असं शिकवलं वाटतं शाजिंगला."

चूक बाची नव्हती. कानामागे खोचायची रीत लिनशेंग लहानपणापासून बघत आला होता आणि आखताना नेमकी तीच विसरला होता. शहरात राहून आपल्या कानांमागे आता फक्त पेन्सिल असते, असं मनाशी म्हणत तो परत गेला. बा पुन्हा दार लावून बसणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

काही दिवसांनी छुनमेईचा फोन आला. मागे एवढा गोंगाट की तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"दादा, घरात बसायला जागा नाही!"

झालं होतं असं, की कांड्यांमधली वीज संपली. कांडीला वायर लागत नाही. ती भरते फक्त तिच्या डबीत, आणि डबी हानछिंगच्या घरी. पहिला लियाओच आला होता, दार ठोठावत. "हानदा, तुझं पेन मेलं रे!" बाने कांडी डबीत ठेवली आणि म्हणाला, "भरेपर्यंत बस. चहा घे." नुसतं किती वेळ बसणार? पत्ते निघाले. डाव अर्ध्यात असताना पंग न्हावी आपली घेऊन आला. मग बाकीचे. आता रोज संध्याकाळी पाचही जण हजर असायचे, ज्याची भरलेली असे तोसुद्धा. त्या पाचांत बाला स्वतःची कांडी नव्हती आणि तिची आठवणही नव्हती. डबी सांभाळणाऱ्याला ओढायला वेळ कुठे?

बाने फोन हिसकावून घेतला. "लिनशेंग, एक अडचण आहे. हे फार लवकर भरतं."

"काय?"

"डाव रंगात येतो, हिरवा दिवा लागतो आणि पंगची सून त्याला जेवायला बोलावते. जरा सावकाश भरेल असं काही करता येईल का?"

त्याच सकाळी क्वो साहेबांनी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं की पेल्यातला चहा निवायच्या आत कांडी भरली पाहिजे. लिनशेंग बॅटरी विभागात गेला आणि सावकाश भरण्याची जुळणी मागितली. तिथल्या बाईने त्याला आधी बसायला खुर्ची दिली, मग पाणी दिलं. पण जुळणी करून दिली. साऱ्या शाजिंगमधली सर्वांत मंद डबी त्याने गावाला पाठवली आणि त्या रात्री फांगयिंगने माहेरी फोनवर सांगितलेलं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. "आमचे हे इंजिनियर आहेत."

थंडी सुरू झाली तेव्हा लियाओ खाटीक गेला. झोपेतच गेला. छुनमेईने कळवलं की त्याच्या मुलाने कांडी बापाच्या छातीच्या खिशात तशीच राहू दिली.

नववर्षाला लिनशेंग घरी पोहोचला तेव्हा चौघे पत्ते खेळत होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बोलायचं काम लियाओचं होतं. डबी मध्ये उघडी पडली होती, चार कांड्या जागेवर, पाचवी जागा मोकळी, नारिंगी दिवा लुकलुकतोय. लिनशेंगने बॅगेतून नवी कांडी काढली आणि डबी उचलली.

"काय करतोस?" बाने विचारलं.

"पाचवी ठेवतो. म्हणजे हिरवा दिवा लागेल. लियाओकाकांची आता..."

"लियाओची लियाओकडे आहे," बा म्हणाला. "ती हरवलेली नाही. दिलेली आहे."

"पण बा, हा दिवा असाच लुकलुकत राहणार."

"राहू दे की. तुझ्या बापाला कुठे झोपायचंय अजून?" बाने त्याच्या हातातून डबी घेतली, झाकण मिटलं. ठक्. आणि ती आपल्यासमोर, लियाओ बसायचा त्या बाजूला तोंड करून ठेवली.

पंग न्हाव्याने पत्ते पिसले. लिनशेंगने नवी कांडी खिशात घातली आणि तो चहाचं पाणी ठेवायला उठला.