मास्क कुणाचा होता

पहिल्या तपासणीत नुसरतुल्लानं स्वतःच्या हातानं स्वतःचा अर्ज बुडवला. डॉक्टरांनी विचारलं, "तब्येत कशी आहे?" त्यानं छातीवर हात ठेवला, किंचित वाकला आणि म्हणाला, "शुक्र आहे. तुमच्या दुव्यानं उत्तम." जिना चढताना तो दोनदा बसला होता आणि त्याच्या रुमालात रक्त होतं. समितीनं 'तक्रार नाही' असं लिहिलं.

"गाढवा!" पूरान खानम म्हणाली. "दावतीला गेला होतास का तिथं?"

पूरान खानम युद्धात आघाडीच्या इस्पितळात परिचारिका होती. आता ती करमानशाह शहरात भावाच्या दुकानाच्या माडीवर बसून जुन्या सैनिकांचे अर्ज चालवायची. समितीनं गॅसबाधित जानबाज, म्हणजे युद्धात जायबंदी झालेला सैनिक, म्हणून अपंगत्वाचे टक्के दिले की औषधं, ऑक्सिजनचं यंत्र, इस्पितळातली खाट सगळं मिळे. टक्के नाहीत तर काही नाही. नुसरतची फुफ्फुसं तिनं ऐकली होती. औषधाशिवाय तो हा हिवाळा काढणार नव्हता.

"डॉक्टर माणूस, खानम. त्याच्यासमोर रडगाणं कसं गायचं?"

"गायचं. या वेळी तआरोफ, तो तुझा गोडगोड शिष्टाचार, अजिबात नाही. 'बरा आहे' नाही, 'तुमची कृपा' नाही. पोटात आहे ते सगळं ओकायचं."

"सगळं?"

"सगळं. आणि मास्कचं विचारतील. तू म्हणालास, दोस्ताला दिला. येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. तसं खरं असतं तर आपल्या फौजेत डोकी कमी आणि मास्क जास्त झाले असते. म्हणून साक्षीदार लागतो."

नुसरतनं खडीसाखर दाताखाली धरली, पण चहा प्यायला नाही.

गॅस पडला त्या वेळच्या तुकडीतला नुसरतखेरीज जिवंत माणूस एकच होता, ईदी. त्याचा थोरला भाऊ सफर तिथंच खंदकात मेला. सफरच्या शेवटच्या घटकेला नुसरतनं स्वतःचा मास्क त्याच्या तोंडावर चढवला, हे ईदीच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. दर नवरोजला नुसरत त्यांच्याकडे जायचा आणि ईदीची आई त्याला सफरच्या फोटोखाली बसवून आधी त्याच्या ताटात भात वाढायची.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी ईदी गावाहून आला. समितीच्या दारात दोघं अडले.

"तू आधी, आगा नुसरत."

"तू असताना मी? तू पुढं हो."

"तुझ्या पायाची धूळ मी..."

"दोघंही या," आतून डॉक्टर कियानी ओरडले, "नाहीतर दुपारच्या नमाजापर्यंत दारातच राहाल."

आत तीन डॉक्टर होते. कियानी मधे बसले होते. पूरान खानम भिंतीजवळ उभी राहिली.

"तब्येत?"

"वाईट," नुसरत म्हणाला. "रात्री बसून झोपतो. रक्त पडतं. डोळ्यांत वाळू असते."

पूरान खानमनं मान डोलावली.

"मास्क कुठं होता?"

"माझ्या मास्कच्या पिशवीत मी हातबॉम्ब भरले होते. मास्क खाली तळावर टाकून आलो होतो."

ईदीनं वळून पाहिलं.

"गोळे पडले ते फुसके वाटले," नुसरत सांगू लागला. "धड फुटलेच नाहीत. आम्ही हसलो. कुणी म्हणालं, यांची दारू संपली. मग लसणाचा वास आला. सफरच्या दाढीवर काहीतरी तेलकट उडालं होतं. त्याला दाढी काप म्हणून हजारदा सांगितलं होतं, मास्क बसत नाही म्हणून. नाही कापली. त्यानं तसाच मास्क चढवला. मग साधा गोळा पडला. खरा. सफरचं पोट उघडलं."

"पुढं बोल," कियानी म्हणाले.

"त्यानं एका हातानं आतडी धरली होती. दुसऱ्या हातानं मास्क. मी त्याला म्हणालो, सफर, तू तर चाललास, मला दे. त्यानं मान हलवली. मी ओढला. तो सोडेना. पोटावरचा हात काढून दोन्ही हातांनी त्यानं मास्क धरला. मी बंदुकीचा दस्ता त्याच्या बोटांवर मारला. बोटं मोडली तरी धरूनच. मग तोंडावर मारला. एकदा. परत एकदा. मग सुटला. सफर आई म्हणाला नाही, अल्ला म्हणाला नाही. माझं नाव घेत होता."

खोलीत कुणी लिहीत नव्हतं.

"दुपारी ईदी वरच्या टेकडीवरून उतरताना दिसला. तोवर सफर मेला होता. मी माझ्या तोंडावरचा मास्क काढून सफरच्या तोंडावर परत चढवला. ईदीनं तेवढंच पाहिलं."

ईदी उठला तो खुर्चीसकट. खुर्चीचा पाय नुसरतच्या कानशिलावर लागला आणि नुसरत टेबलाखाली गेला. ईदी त्याच्या छातीवर बसला. त्यानं नुसरतचं डोकं दोन्ही हातांनी धरून फरशीवर आपटलं, मग मुठीनं तोंडावर मारलं. ओठ फाटला, दात तुटून फरशीवर आला. "बोटं! बोटं मोडलीस! माझ्या आईच्या हातचं खाल्लंस, हरामखोरा!" ईदी ओरडत होता. नुसरतनं हात वर केले नाहीत. दोन डॉक्टर आणि दारावरचा शिपाई मिळून ईदीला मागे ओढू लागले, तेव्हा त्याच्या मुठीत नुसरतच्या दाढीचे केस आले. दाढी सहज निघाली. मुळं धड नव्हतीच.

पूरान खानमनं नुसरतला कुशीवर वळवलं, तोंडातलं रक्त बोटानं काढलं. कियानी वाकले. रक्त पुसल्यावर त्यांनी नुसरतची हनुवटी उचलून उजेडाकडे केली आणि बराच वेळ तशीच धरली.

"खानम, हे बघा."

नाकापासून हनुवटीपर्यंत कातडी पांढरी, चुरगळलेली होती. दोन्ही गालांवर तिची कड गोल फिरली होती. कपाळ आणि मान साफ होती.

"सगळ्यांचं मास्कच्या आतलं वाचतं, बाहेरचं जळतं," कियानी म्हणाले. "याचं आतलं जळलंय. विष मास्कमध्येच होतं. सफरच्या दाढीतलं."

"मग खरं बोलला," दुसरा डॉक्टर म्हणाला.

"कातडी म्हणते खरं. नियम म्हणतो साक्षीदार." कियानींनी ईदीकडे पाहिलं. शिपायानं त्याचे हात मागे धरले होते. "पोलीस बोलवायचे का?"

"नको," नुसरत फरशीवरून म्हणाला. शब्दाबरोबर रक्ताचा फुगा आला. "ईदी, तू जा. सही करू नकोस. मी आलोच नव्हतो असं समज."

"तू गप्प बस!" पूरान खानम म्हणाली. मग ती ईदीसमोर जाऊन उभी राहिली. "ईदी, तू नाही म्हणालास तर अर्ज इथंच संपला. मी तुला हो म्हण असं सांगणार नाही."

ईदी धापा टाकत होता. "औषध नाही मिळालं तर हा किती जगेल?"

"वसंत बघणार नाही."

"आणि मिळालं तर?"

"कित्येक वर्षं. पण बरा होणार नाही. असाच गुदमरत, रात्री बसून."

"बसून."

"हो."

ईदीनं हात सोडवून घेतले. टेबलाजवळ आला, रक्तानं भरलेली मूठ सदऱ्याला पुसली आणि कियानींच्या हातातलं पेन घेतलं.

"लिहा, तिथं होता. मी स्वतः पाठीवर टाकून खाली आणला. तोंडाला फोड होते, घोंगडीला चिकटत होते. लिहा."

त्यानं सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. मग तो फरशीवर पडलेल्या नुसरतकडे वाकला.

"याला यंत्र द्या. इंजेक्शनं द्या, जे जे असेल ते सगळं द्या," तो म्हणाला. "याला मरू देऊ नका."