गिरणीवाली नुसती बसली

"जवळ बसायचं, पाणी द्यायचं आणि गप्प राहायचं. एवढं शिकायला तीन दिवस गिरणी बंद?" न्हाव्यानं असं म्हटल्यावर दुकानातली चारही माणसं हसली. दारावरून जाणाऱ्या गिरणीवालीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अचानक संकट कोसळलेल्या माणसाच्या मनाला पहिला आधार कसा द्यायचा, हे शिकवायला दवाखान्यातल्या नर्सबाईनं गावातली दहा माणसं बोलावली होती. शेवटपर्यंत टिकली ती एकटीच. तिलाही नर्सबाई रोज सांगायची, मावशी, जरा हळू बोला. वीस वर्षं गिरणीच्या घरघरीवर ओरडून तिचा आवाजच तसा झाला होता.

आठवड्यानं नव्या विहिरीवर खणलेले दगड वर ओढणाऱ्या यारीचा दोर तुटला आणि दगडांनी भरलेली पाटी खाली उभ्या माणसावर कोसळली. त्याला गाडीत घालून शहरात नेलं. यारी चालवणारा मागं राहिला. खाली उभा होता तो त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

गिरणीवाली पोचली तेव्हा यारीवाला विहिरीत पाय सोडून काठावर बसला होता आणि अर्धं गाव त्याच्याभोवती कडं करून उभं होतं. दोर कधी बदलला होतास, ओढ जास्त दिलीस का, एकेक जण विचारत होता. नवा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून. न्हावी मधूनच म्हणायचा, दाजींना काही होत नाही, उद्या चालत येतील.

"त्याला कुणी काही विचारायचं नाही," गिरणीवाली म्हणाली, आणि ते पलीकडच्या रानापर्यंत गेलं. तीन दिवसांची डॉक्टरीण आली, असं पुटपुटत लोक दहा पावलं मागं सरले.

ती त्याच्याशेजारी बसली.

"चालती हो," तो म्हणाला.

"बसते जरा."

"तुझ्या बापाची विहीर आहे का?"

"नाही."

तिनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यानं हातानं उडवला. तो तळाशी आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळानं वर आला. तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं.

"वाचेल का तो?" त्यानं कधीतरी विचारलं.

होय म्हणायचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. माहीत नसताना खोटा धीर द्यायचा नाही, म्हणून नर्सबाईनं याच एका शब्दासाठी तिला तीनदा सगळ्यांसमोर उभं केलं होतं.

"मला माहीत नाही."

दोन गोड शब्द बोलायला हिचं काय जातं, म्हणून मागं लोक खवळले. यारीवाल्यानं मात्र पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"ताई निघालीय म्हणतात रानातून. काय सांगू तिला? त्यापेक्षा..." तो विहिरीत बघायला लागला.

"दोर तुटला, एवढंच सांग. मी हलत नाही इथनं."

बहीण आली ती चिखलानं भरलेल्या हातांनीच. तिनं भावाच्या दोन थोबाडीत दिल्या. तिसरी मधे आलेल्या गिरणीवालीला बसली. लोक बघायला पुढं सरकले. गिरणीवालीनं गाल चोळला नाही की सदरा सोडला नाही.

"ताई, दोर तुटला," तो म्हणाला.

मारता मारता बहिणीचे हात थकले. ती तिथंच मातीत बसली. 

"दवाखान्यात चल," शेवटी ती म्हणाली. "मला एकटीला जमायचं नाही."

तो उठला. सदरा मुठीतच होता, म्हणून गिरणीवालीही उठली. वाट द्यायला कुणी तयार नव्हतं. तिघं लोकांच्या खांद्यांना खांदे घासत निघून गेली.