मंगळवारचा फोन

पैसे पाठवताना आधी नाव वाचायचं, हे मी सगळ्यांना सांगत असते. त्या सोमवारी मी नाव वाचलं, आणि तरीही चुकले.

आमच्या डिचोलीच्या घरात माकडं थेट स्वयंपाकघरात येतात आणि माझी लेक गौरवी आता रांगायला लागलीय, म्हणून खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या. शांताराम मेस्तने काम संपवून साडेअठरा हजार सांगितले आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आपला नंबर लिहून दिला. मी तो फोनवर टाकला, तर नाव आलं कृष्णनाथ. मला काहीच वावगं वाटलं नाही. आमच्याकडे मासेवालीला पैसे दिले की तिच्या जावयाचं नाव येतं, दूधवाल्याला दिले की सुनेचं. मेस्तचा भाऊ असेल, म्हणून पाठवून मोकळी झाले.

साईशचा, माझ्या नवऱ्याचा, पगार जमा झाला असेल असं मी धरून चालले होते. झाला नव्हता. खात्यात होते अकरा हजार. पण आमच्या जोडखात्याला दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय होती, त्यामुळे वरचे पैसे बँकेने घातले आणि त्याबद्दल पाचशे नव्वद रुपये आकार लावला. तसा मेसेज आला. मला तो खोटा वाटला, पुसून टाकला.

मंगळवारी अनोळखी नंबरवरून फोन.

"बाय, तुमचे पैसे माझ्या खात्यात इलेत. परत खय धाडू?"

"मी ओटीपी देणार नाही."

"ओटीपी कोण मागता? पैसे घे म्हणतंय मी!"

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं आणि नंबर ब्लॉक केला. साईश मोपाच्या विमानतळावर ड्यूटीवर होता, त्याला लगेच कळवलंसुद्धा. "बरं केलंस," तो म्हणाला.

गुरुवारी स्कूटरचा हप्ता पैसे नाहीत म्हणून परत गेला. आणखी पाचशे नव्वद. हे काय चाललंय म्हणून खातं उघडून बघते, तोवर मेस्तचा फोन. "बाय, पैसे घातले म्हणालीस, अजून पावले नाय." पुठ्ठा शोधून काढला. शेवटचा आकडा मी चुकीचा टाकला होता. सोमवारपर्यंत पैसे आले नाहीत तर हप्ता दुसऱ्यांदा परत जाणार होता.

ब्लॉक काढून फोन लावला. बाईमाणसाने उचलला. त्या कृष्णनाथची बायको, शेवंती.

"पैसे फोनार परत धाडूचे नाय, असां आमच्या बँकेन सांगलां हा. तू कोण ती आमका काय ठावक?"

"अहो, माझेच पैसे आहेत!"

"सगळीं असांच म्हणतत," ती म्हणाली.

शेवटी ठरलं, शुक्रवारी आमच्या बँकेत यायचं, साहेबांच्या समोर.

पेडण्याहून बस बदलून दोघं आली. कृष्णनाथच्या काखेत प्लास्टिकची फाईल. मी गौरवीला कडेवर घेऊन दारापासून त्याला न्याहाळत होते, तोही मला. आधारच्या झेरॉक्सची अदलाबदल झाली. माझ्या प्रतीवर मी आडव्या रेघा मारून 'फक्त या व्यवहारासाठी' लिहिलं होतं. त्याच्यावरही तेच, वर तारीख.

"दोघंही एकाच शाळेतली दिसता," बँकेतले गोकुळदास हसले.

पैसे आले. मी फोनवर बघितलं, मग पासबुकही छापून घेतलं.

"आता आकाराचा अर्ज लिहा," गोकुळदास म्हणाले. "ओव्हरड्राफ्टचा आकार परत मिळेल. हप्ता परतल्याचाही देतो, पण चूक कळल्याबरोबर तुम्ही हालचाल केली असेल तरच. कधी कळलं?"

"गुरुवारी." खोटं नव्हतं ते.

"मंगळवारी मी फोन केल्लंय," कृष्णनाथ भिंतीकडे बघत म्हणाला.

ह्याला काय पडलंय? मागाहून काही मागायचा विचार आहे का ह्याचा?

"गप रवा ओ," शेवंतीने त्याला कोपराने ढोसलं. "तिचे पैसे जातले."

त्याने काही मागितलं नाही. दोन बस पकडून, दिवस मोडून आलेला माणूस. मला तर आल्यापासून त्याच्याशी धड बोलायलाही सुचलं नव्हतं. मी गौरवीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि लिहिलं: 'मंगळवारी पैसे मिळालेल्या गृहस्थांचा फोन आला होता. मी तो फसवणुकीचा समजून बंद केला.'

गोकुळदासनी वाचलं आणि चष्मा काढला. "हे लिहायलाच हवं होतं? आता दुसरे पाचशे नव्वद सुटणार नाहीत."

"माहीत आहे. पहिल्याची पोच द्या. शिक्का मारून."

त्यांनी शिक्का मारला.

"तेची एक झेरॉक्स माकाय व्हयी," कृष्णनाथने फाईल उघडली. "उद्या तू खय काय सांगशीत, कोणाक ठावक."