टेबल न हलवणारा स्पीकर

सुदामनं उजवा तळवा स्पीकरच्या डोक्यावर ठेवला, थोडा वेळ तसाच धरला आणि काढून घेतला. त्याला काही कळलं नाही. त्याच्या बोटांना तसंही फारसं कळत नसे. पंधरा वर्षं खडीच्या क्रशरवर काढल्यावर बोटांची टोकं नुसती नावाला उरली होती. म्हणून त्यानं मुलीला पुढं केलं.

"तू बघ. थरथरतो का?"

रोशनीनं हात ठेवला. गाणं चालू होतं, खालचा ढोल मध्येच घुमत होता.

"थरथरतो."

"मग हा पण नको."

दुकानदार मनिषनं गाणं थांबवलं. डहाणू रोडला स्टेशनच्या जवळ त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि अकरा वर्षांत त्यानं तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. छातीत धक्का बसला पाहिजे, खिडकीची काच वाजली पाहिजे, शेजारी भांडायला आला पाहिजे, असं सांगून स्पीकर नेणारी. बेस नसलेला स्पीकर मागणारा हा पहिलाच. हा चौथा बॉक्स होता आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बापलेकीनं आळीपाळीनं हात ठेवून पाहिला होता, ताप बघावा तसा.

"दादा, तुम्ही साखर नसलेली जिलेबी मागताय," मनिष म्हणाला. "मिळेल. पण मग बोलायचं नाय की गोड नाय लागली."

सुदाम हसला नाही, रागावलाही नाही. दोन्ही गोष्टी तो हल्ली कमीच करायचा.

मनिषनं खोली केवढी ते विचारलं. दहा बाय दहा, विटांची, वर पत्रा. टेबल भिंतीला लागून. मग त्यानं मनापासून समजावलं. एवढ्याशा खोलीत वूफर ठेवला तर तो दुप्पट घुमतो, त्यातून कोपऱ्यात ठेवला तर विचारूच नका. टेबलावर बसून गाणी ऐकायची, पिक्चर बघायचा, गेम खेळायचा, तर दोन छोटे पुरेत. कानाच्या उंचीला ठेवायचे, भिंतीपासून वीतभर पुढं, तोंड जरा आपल्याकडं वळवून, खाली स्पंजचा तुकडा. पिक्चरमधलं बोलणं स्वच्छ येईल. गेममध्ये माणूस डावीकडून येतोय की उजवीकडून, तेही कळेल.

"बॉम्ब फुटलेला नाय कळणार," रोशनी म्हणाली.

"दिसेल की," बाप म्हणाला.

खरं म्हणजे रोशनीनं महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून आपला स्पीकर केव्हाच ठरवला होता. वर दोन छोटे आणि खाली एक मोठा वूफर. ती तलासरीला अकरावीत होती, बंद पडलेल्या सायबर कॅफेतला जुना कॉम्प्युटर बापानं तिला आणून दिला होता आणि त्याचा आवाज डबीत माशी अडकल्यासारखा होता. मनिषनं हेडफोनही सुचवून पाहिला. त्यावर ती एवढंच म्हणाली, की आमच्या पाड्यात कान बंद करून कोणी बसत नाही. शेवटी तिनं स्वतःच पाचव्या जोडीवर हात ठेवला आणि मान हलवली. हा हलत नव्हता. आवाज बारीक, सरळ, शाळेतल्या प्रार्थनेसारखा. तिनं वूफरकडं एकदा बघितलं आणि पिशवी उघडून धरली. आई येणार होती, आणि आईच्या बदल्यात वूफर ही काही फार मोठी किंमत नव्हती.

त्यांच्या पाड्यात जमीन हलते. सहा-सात वर्षं झाली. आधी खालून गडगड येते, कोणी खडीचा डंपर रिकामा करतंय अशी, आणि मग एक हिसका. पहिल्या वर्षी सगळा पाडा ताडपत्रीखाली झोपला. साहेब लोक आले, भिंतींच्या भेगा मोजल्या, लिहून घेतल्या, गेले. मग थंडी वाढली, पुढं उकाडा वाढला आणि एकेक घर परत आत झोपायला लागलं. रोज मरे त्याला कोण रडे. आता मोठा हिसका आला तरच माणसं अंगणात येतात, चार शब्द बोलतात आणि आत जातात.

सुदाम तेवढंही करत नसे. दिवसभर पायाखाली क्रशर थडथडत असे. घरी आल्यावर जमीन हलली काय आणि न हलली काय, त्याच्या पायांना फरक समजत नव्हता. पाड्यात त्याची चेष्टा चाले, सुदामला भूकंप लागत नाही म्हणून. तोही त्यात हसून घ्यायचा. त्याची बायको निर्मला मात्र कधी हसली नाही. दर वेळी ती अंगणात आणि हा आत खाटेवर, हे तिनं पाच वर्षं बघितलं. दीड वर्षापूर्वी एका सकाळी भिंतीचा पापुद्रा सुटून भाताच्या टोपात पडला. ती बाहेरून परत आली तेव्हा सुदाम चुना बाजूला काढून जेवत होता. तिनं दोन लुगडी पिशवीत भरली आणि झाईला भावाकडं, चिमणकडं, निघून गेली. भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

आता चिमणच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि निर्मला झोपत होती ती खोली लागणार होती. झाईतच भाड्यानं एक खोली बघून ठेवली होती तिनं. पण त्याआधी रविवारी येऊन एक रात्र राहून बघते, असं रोशनीबरोबर कळवलं होतं. राहवलं तर राहीन, नाही तर सोमवारी खोलीचं पक्कं करीन. स्पीकरबद्दल तिनं एक अक्षर काढलं नव्हतं. घरात काही धडधडलं तर तिला सोसणार नाही, हे बापलेकीनं आपसांत ठरवून टाकलं होतं.

रविवारी ती जीपनं आली. येताना चिकू आणि सुके बोंबील घेऊन आली, पाहुणी येते तशी. दारावरची भेग सुदामनं सिमेंटनं बुजवली होती. तिच्यावरून तिनं बोट फिरवलं. रोशनीनं तिला खुर्चीवर बसवून गाणं लावलं, मग एका पिक्चरचा तुकडा. लांबच्या कुठल्यातरी घरात वाजावं असा तो नीटनेटका आवाज खोलीत फिरला.

"चांगला हाय," निर्मला म्हणाली.

सुदामला बरं वाटलं असावं. नक्की सांगता आलं नसतं.

संध्याकाळी कॉम्प्युटर बंद झाला. रोशनी समोरच्या बायजीकडं चिकू द्यायला गेली. निर्मला उंबऱ्याशी चौकटीला टेकून बसली, मान किंचित कलती, हात मांडीवर. झाडं स्तब्ध होती. कुठं कोंबडंही बोलत नव्हतं. सुदाम येऊन तिच्याशेजारी टेकला.

"काय ऐकतेस?"

"काय नाय. तेच तर."

त्याला उमगलं नाही. तो म्हणाला, की आता पूर्वीसारखं होत नाही, महिन्यातून एखादं येतं, तेही बारकं. झाईला आपलं बरं, तिथं हलत नाही.

"झाईला नाय हलत, हे तुला कोण बोललं?" ती म्हणाली. "तिथं पण हलतं. भांडी वाजतात."

"मग तिथं झोप कशी लागते तुला?"

"तिथं समुद्र हाय. रात्रभर गाजतो. त्यात ही गडगड आली काय, गेली काय, मला कळत नाय. इथं सगळं गप्प असतं. मी वाट बघत बसते. आला की बाहेर पळते आणि तेवढंच बरं वाटतं, की आला एकदाचा. मग परत वाट बघते. पाच वर्षं मी तेच केलं. तू झोपलेला असायचास."

सुदामनं तळवे एकमेकांवर चोळले. आपण काहीतरी बोलायला हवं, हे त्याला कळत होतं. पण खरं सांगायचं तर आतून काही वर येत नव्हतं.

"रोशनी बोलली, मोठा पण होता एक," निर्मला म्हणाली. "खाली ठेवायचा, धाडधाड वाजणारा. तो आण."

"तो जमीन हलवतो."

"हलवू दे. आपलाच हलवतोय, असं धरून चालीन मी."

सोमवारी त्यानं क्रशरवर अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि छोटी जोडी परत घेऊन डहाणूला गेला. मनिषनं जिलेबीची आठवण करून दिलीच, पण बदलून दिली. निघताना पुन्हा बजावलं, कोपऱ्यात ठेवू नका, घर डोक्यावर घेईल. घरी निर्मलानं वूफरचा तो काळा खोका हातात उचलून पाहिला, वजन जोखलं आणि नेमका कोपऱ्यातच ठेवला, आपल्या खाटेच्या पायाशी, उघड्या लादीवर.

ती राहिली. झाईच्या खोलीला नकार कळवला. रोशनी तर हरखूनच गेली. आई परत आली आणि वूफरही मिळाला, एवढं सुख एका आठवड्यात तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तिच्या बंदुका आता खऱ्यासारख्या वाजू लागल्या. ती कॉलेजला गेली की निर्मला स्वतः बटण दाबायची. काय वाजतंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. भजन असो, गरबा असो, मारामारी असो. मारामारी असली तर बरंच. झोपतानाही आवाज बारीक करून चालूच. पहिल्याच आठवड्यात ती इतकी झोपली, की बायजी दोनदा बघायला येऊन गेली. मग तिचे गाल भरले. पाणवठ्यावर ती चेष्टामस्करीत भाग घेऊ लागली. मार्चमध्ये दोन हिसके आले म्हणतात; ती घराबाहेर आली नाही. पाडा म्हणाला, निर्मलाची भीती गेली. सुदामही क्रशरवर सांगायचा, की डॉक्टरनं नाही, देवानं नाही, स्पीकरनं केलं. घराची घडी बसली होती. तो जेवायचा, ती वाढायची, खाली काळा खोका घुमत असायचा.

एप्रिलमधली एक संध्याकाळ. ऊन उतरलं होतं. रोशनी गेम खेळत होती, निर्मला वूफरजवळ बसून सुपात तांदूळ निवडत होती. सुदाम खिडकीशी तंबाखू मळत उभा होता. त्याची नजर सहज बाहेर गेली.

बायजी अंगणाच्या मधोमध उभी होती, कडेवर नातू. तिच्या मागं अजून दोन घरांची माणसं. एक जण अर्धी दाढी केलेला, तोंडाला फेस. सगळे आपापल्या घरांकडं बघत होते. बायजीचं तोंड हलत होतं आणि मोकळ्या हातानं ती यांच्या खिडकीकडं बघून बोलावत होती, जोरजोरात.

सुदामनं खाली लादीकडं बघितलं. वूफर घुमत होता. लादी थरथरत असेल किंवा नसेल. त्याच्या पायांनी त्याला काहीच सांगितलं नाही. रोशनीची पाठ दाराकडं होती, तिच्या पडद्यावर कुठंतरी स्फोट होत होते. त्यानं निर्मलाकडं पाहिलं. तिनं मान वर केली होती. खिडकीतून तिलाही बायजी दिसली, हे त्यानं स्पष्ट पाहिलं. तिचे डोळे क्षणभर तिथं थांबले. मग तिनं मान खाली घातली आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

सुदामला भीती वाटली. सात वर्षांत पहिल्यांदाच. त्यानं रोशनीचा दंड धरून तिला खुर्चीवरून उठवलं, ती काय झालं काय झालं करत असताना तसंच ओढत दाराबाहेर काढलं आणि अनवाणी अंगणात येऊन उभा राहिला. निर्मला मागोमाग येईलच, असं त्यानं धरलं होतं. अर्ध्या दाढीवाल्यानं त्याच्याकडं आश्चर्यानं पाहिलं. पत्रा एकदा वाजला. सुदामच्या घराच्या कोपऱ्यातली एक वीट सुटून खाली आली.

उघड्या दारातून आत निर्मला दिसत होती.

"निर्मला, बाहेर ये."

वूफरच्या घुमण्यात ते आत पोचलं नाही. तो अजून दोन पावलं पुढं गेला आणि सगळा जोर लावून ओरडला. तिनं वर बघितलं, त्याचं हलतं तोंड बघून हसली, ऐकू येत नाही अशी स्पीकरकडं बोट करून खूण केली आणि पुढचे पसाभर तांदूळ सुपात ओतले.