तोकोन बाइकेंचं उजवं वळण

आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला बाइके म्हणतात. तोकोन बाइके त्या दुपारी राजधानीत, बिश्केकला जाणार होते, मुलाकडे, कायमचे. गुडघ्यांनी दगा दिला होता आणि एकट्याने चूल पेटवणंही जमत नव्हतं. मुलगा मेदेत तसा वाईट नाही, तरी मला त्याचाच राग येत होता. माझा राग असाच आहे. खरा गुन्हेगार सापडला नाही की जवळ असेल त्याच्यावर निघतो.

गावातल्या निम्म्या लोकांना स्की शिकवली ती बाइकेंनी. मलाही. आता मी त्याच उतारावर स्की करायला येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढून पोट भरते. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

"तुर्सुनाय, हे बर्फाचं वादळ थांबलं की आपल्या उताराचा फोटो काढ. एकही ओरखडा नसलेला. तिकडे खिडकीतून म्हणे समोरच्यांचे वाळत घातलेले कपडेच दिसतात."

त्या सकाळी आभाळ निवळलं. पाहुणे उठायच्या आत वर पोचायचं म्हणून मी स्की खांद्यावर टाकून निघाले, तर वाटेत बुरुल आपांचं दार. आपा दारातच उभ्या.

"कुठे निघालीस उधळल्यासारखी? नान आत्ताच तंदूरमधून काढलाय. तोंडाला लाव आणि जा."

आमच्याकडे पुढे केलेल्या नानला नाही म्हणत नाहीत. घराला आग लागली असली तरी आधी एक तुकडा मोडायचा, मग बादली उचलायची. मी कॅमेऱ्याची बॅग बाहेर ओट्यावर ठेवली. गारठलेला कॅमेरा उबेत न्यायचा नाही, एवढं शहाणपण मला आहे. आपांना नव्हतं. मी तुकडा मोडेपर्यंत त्यांनी बॅग आत आणली, उघडली आणि कॅमेरा चुलीवरच्या फळीवर, उकळत्या किटलीशेजारी मांडला.

"आलेल्या माणसाची वस्तू उंबऱ्याबाहेर? कुत्र्याने पळवली तर नाक माझं कापलं जाईल."

"आपा, काय केलंत हे!"

"ओरडतेस काय? पुसून टाक की."

पुसलं. पण वाफ काचेच्या आतही धरली होती. मी आणखी काहीतरी तोडून बोलणार, तेवढ्यात आपांनी कापडात गुंडाळलेला दुसरा नान माझ्या हातात दिला.

"तोकोनला निघताना याचा एक घास घ्यायला सांग. उरलेला आपण जपून ठेवू. म्हणजे माणूस परत येतो."

एवढं बोलून त्या किटलीकडे वळल्या. म्हणजे तंदूर पेटला होता तो या नानसाठी. मी नान कोटाच्या आत सरकवला.

काच स्वच्छ झाल्यावर मी उताराखाली पोचले, तोवर पाहुण्यांनी सगळा उतार उभाआडवा नांगरून टाकला होता. मी तिथेच बर्फात बसले आणि चक्क रडले. पुन्हा वादळ येणार कधी, आणि आलं तरी बाइके इथे कुठे असणार?

नाक पुसताना नजर डाव्या कडेला गेली. झाडांच्या रांगेलगतची अरुंद पट्टी तेवढी कोरी होती. तिथून पाहुणे उतरत नाहीत. तिथून फक्त बाइके उतरायचे, प्रत्येक नव्या बर्फावर, सगळ्यांच्या आधी. उजवीकडे वळताना भार डाव्या पायावर येतो आणि त्यांचा डावा गुडघा तरुणपणापासून अधू. त्यामुळे दर उजव्या वळणावर स्की घसरायची आणि बर्फात रुंद, फरपटलेली खूण उमटायची. लहानपणी आम्ही त्यावरून त्यांना किती चिडवलंय!

मी वर चढले आणि त्या पट्टीवरून उतरले. डावं वळण नीट, उजव्या वळणावर डावा पाय सैल सोडायचा. दोनदा झाडावर आदळता आदळता वाचले. खाली येऊन वळून पाहिलं आणि फोटो काढला.

बाइकेंच्या दारात गाडी भरून तयार होती. त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांशी धरला.

"हा कोरा उतार? मेंढरं सोडली होतीस का वर?"

"कडेला बघा, बाइके."

त्यांनी पाहिलं. कॅमेरा आणखी जवळ ओढला.

"असं वळायला शिकवलं होतं मी तुला?"

"शिकवलं नीट होतं. दाखवलं असं होतं."

ते मोठ्याने हसले आणि मग बाहीने डोळे पुसू लागले. मी बुटांकडे बघत राहिले. मेदेत गाडीची किल्ली घेऊन आला आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावला.

"अरे, हा तर तुमचा माग, बाबा! कधीचा फोटो हा? तुम्ही उतरत होतात तेव्हाचा?"

माझा त्याच्यावरचा राग तिथेच उतरला.

"आज सकाळचा," बाइके म्हणाले. मग मी पुढे केलेल्या आपांच्या नानचा त्यांनी एक घास तोडला, सावकाश चावून गिळला आणि उरलेला माझ्या हातात दिला.

"बुरुलला सांग, उंच टांगून ठेव. उंदरांना सापडता कामा नये."