उंबरकळ

ताईने इस्त्रीच्या टेबलावरचे कागद दोन्ही हातांनी अलगद उचलले आणि ते खुर्चीवर ठेवणार, तोच बाथरूममधून धाकटीचा आवाज आला. तोंडात ब्रश होता, त्यामुळे शब्द फेसाळ होते, पण अर्थ स्वच्छ होता. कागदांचा क्रम हलला तर आज या घरात एक तरी खून पडेल.

ताईने कागद होते तसे परत ठेवले आणि कुडता बिनइस्त्रीचाच अंगात घातला. तरणतलावावर शिकवणारीच्या कपड्यांकडे कोण बघतंय? पाण्यात उतरलं की सगळेच चुरगळलेले.

घरात लिहायला जागा नव्हती असं नाही. जेवणाचं टेबल होतं, खिडकीपाशी आरामखुर्ची होती. पण धाकटी उभ्यानेच लिही. आपण बसलो की पात्रंही बसतात, असं तिचं म्हणणं होतं, आणि तिच्या कादंबरीतली पोरगी तेरा वर्षांची, ती एका जागी बसणार कशी? म्हणून रोज सकाळी, चष्म्याच्या दुकानात कामाला जाण्याआधी, इस्त्रीचं टेबल पोटाइतकं उंच करून ती त्याच्यापाशी उभी राही. लिहिलेला संवाद मोठ्याने म्हणून बघे. एकच वाक्य आधी चिडून, मग रुसून, मग अगदी हळू. एकदा शेजारच्या काकूंनी दार वाजवून काळजीने विचारलं होतं, घरात कोण रडतंय? धाकटीने दार उघडलं आणि उजळलेल्या चेहऱ्याने उलट विचारलं, "खरंच रडल्यासारखं वाटलं?"

ताईला कादंबरीतलं फारसं कळत नसे. कळत होती ती मेहनत. हात चुकला की परत पहिल्यापासून, श्वास चुकला की परत पहिल्यापासून. आयुष्यभर तिने पोरींना तेच शिकवलं होतं, आणि तेच ती घरात रोज बघत होती. कादंबरीत आधी एक आजोबा होते, विसराळू आणि मिश्कील, ताईचे फार लाडके. एका सकाळी धाकटीने त्यांना सबंधच्या सबंध काढून टाकलं. ताई चिडून तिच्याशी बोलेना, तेव्हा ती म्हणाली होती की आजोबा फार छान झाले होते म्हणूनच गेले, त्यांच्यापुढे पोरगी दिसतच नव्हती. ताईने मनातल्या मनात तिला नमस्कार केला आणि वरवर रुसवा तसाच ठेवला.

दोन प्रकाशकांकडून पुस्तक परत आलं होतं. एक म्हणाला, मुलं हल्ली वाचत नाहीत. दुसरा म्हणाला, मुलं वाचतात, पण इतकी गप्प नायिका त्यांना चालत नाही. दोन्ही वेळा धाकटीने संध्याकाळभर भांडी घासली, घासलेली भांडीसुद्धा पुन्हा घासली, आणि दुसऱ्या सकाळी टेबलापाशी उभी राहिली. आणि आता तिसऱ्या ठिकाणच्या संपादकबाईंनी आपणहून फोन केला होता. पुस्तक आवडलं होतं. रात्री झोपायला गेले आणि वाचत बसले, असं म्हणाल्या. फक्त एक गोष्ट होती.

ती गोष्ट म्हणजे एक शब्द.

कादंबरीतली पोरगी नव्या गावात, नव्या शाळेत येते. वर्गाच्या दारात तिचं पाऊल अडतं. आत जायचंही असतं आणि उचलवतही नसतं. बेंबीच्या वर कुठेतरी एक बारीक कळ येते. त्या कळेचं नाव उंबरकळ. पुस्तकाचं नावही तेच. सबंध कथा त्या शब्दाच्या खुंटीला टांगलेली.

बाईंनी कोश धुंडाळले होते, ओळखीच्या जाणकारांना विचारलं होतं. शब्द कुठेच नव्हता. मुलांचं पुस्तक आहे, त्या म्हणाल्या, उद्या शिक्षकांची पत्रं येतील की हे काय शिकवता म्हणून. तुमच्या घरात बोलतात म्हणजे कुठल्यातरी बोलीतला असेल, मूळ शोधा, कुणीतरी वापरल्याचा पुरावा द्या. नाहीतर सोमवारपर्यंत दुसरा शब्द घाला. हुरहूर आहे, धास्ती आहे, पोटात गोळा येणं आहे.

"गोळा भीतीने येतो," धाकटी फोन ठेवल्यावर ताईला म्हणाली. "ही भीती नव्हेच. भीती वाटली तर माणूस मागे फिरेल ना. इथे तर तो दारातच उभा राहतो."

मग तिने शोध सुरू केला. दुकानातून सुटली की वाचनालय गाठायचं आणि जाडजूड कोशांत बोट फिरवत बसायचं. चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती नंबर तपासता तपासता विचारू लागली. एका आजोबांनी पाटीवरच्या बारीक अक्षरांऐवजी हाच शब्द तीनदा वाचून दाखवला, त्यांना वाटलं तपासणीच चालली आहे. शब्द कुणाच्या ओळखीचा निघाला नाही. तरी ती हटेना. आईचा शब्द आहे म्हणजे कुठेतरी असणारच, ती म्हणे. आईला कुणाकडून तरी मिळाला असेल ना?

ती असं म्हणाली की ताई उठून गॅस बंद आहे का ते बघून येई.

आई गेली तेव्हा धाकटी रांगत होती. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी बाबा कामावर, म्हणून तिला पोचवायचं ताईकडे आलं. ताई स्वतः सहावीत, तिचीही शाळा नवीन. वर्गाच्या दारात धाकटी थांबली ती थांबलीच. आतून पोरांचा गलका, बाहेर ही भिंतीला पाठ लावून. तिकडे ताईची घंटा होऊन गेली होती आणि तिच्याही पोटात तेच चाललं होतं. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, की अगं ही तर उंबरकळ. आई म्हणायची. सगळ्यांना येते, आत पाऊल टाकलं की जाते. कुठून आला तो शब्द? समोर उंबरा होता, पोटात कळ होती आणि मुठीत एक घामेजलेला छोटा हात होता. आईचं नाव घेतलं ते शब्दाला वजन यावं म्हणून.

धाकटीने आत पाऊल टाकलं. तेव्हापासून तो शब्द घरात राहायलाच आला. दातांच्या दवाखान्याबाहेर, पहिल्या मुलाखतीला, बाबांना शेवटचं भेटायला जाताना इस्पितळाच्या खोलीच्या दारात, दोघी बहिणी एकमेकींकडे बघून तेवढंच म्हणत. धाकटीकडे आईची आठवण अशी नव्हतीच. फोटो होता, पण फोटोतली आई सगळ्यांचीच असते. शब्दातली आई तिची एकटीची होती.

रविवारी संध्याकाळी ताई तलावावरच्या टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. धाकटी वाचनालयातून आली, चप्पल काढली आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

"ताई, आई खरंच म्हणायची का गं?"

ताईने टॉवेलची घडी घातली. त्या घडीची आणखी एक घडी घातली, तिची आणखी एक. शेवटी टॉवेल इतका लहान झाला की पुढे दुमडेना. धाकटी त्या टॉवेलकडे बघत राहिली.

"तू सहावीत होतीस ना तेव्हा?"

"हं."

"मग तुला कुणी सांगितलं होतं, आत पाऊल टाकलं की जाते म्हणून?"

ताईने टॉवेल पुन्हा पुरता उलगडला.

"मला कोण सांगणार? तुझा हात धरलेला होता. काहीतरी बोलणं भाग होतं."

धाकटी हसली नाही, रडली नाही. भांडी घासायलाही गेली नाही, आणि ताईला त्याचीच धास्ती वाटली. ती टेबलापाशी गेली आणि पहिल्या पानापासून एकेक उंबरकळ खोडू लागली. खोडायची, वर हुरहूर लिहायची, पान उलटायची. लिहिलेलं मोठ्याने म्हणून मात्र बघत नव्हती.

सकाळी ताई उठली तर इस्त्रीचं टेबल घडी होऊन भिंतीला लागलेलं. दाराच्या खुंटीवर तिचा कुडता, कडक इस्त्री केलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दुपारी पाठवते बाईंना," धाकटी पिशवी खांद्याला लावत म्हणाली. "आणि ऐक, मी रागावलेली नाही. फक्त तो शब्द आता मला पेलत नाही."

तो कुडता ताईला दिवसभर टोचणार होता. तलावावर जाताना तिला वाटेवरचं चष्म्याचं दुकान लागे. अजून उघडलं नव्हतं. काचेत हिरव्या डब्यांची उतरंड होती, प्रत्येक चष्म्याबरोबर एक डबी आणि पिवळं फडकं मिळे. याच काचेतून एकदा तिने बघितलं होतं: एक पोरगी पहिला चष्मा लावून दुकानाच्या दारात अडून उभी, रस्त्यावर यायला तयार नाही, आणि धाकटी काउंटर सोडून तिच्यापाशी आली, वाकली, कानात काहीतरी बोलली. पोरगी बाहेर पडली. त्या वेळी ताईला वाटलं होतं, चष्मा छान दिसतोय असं सांगितलं असेल.

तलावावर नव्या पोरींची बॅच होती. सकाळचं ऊन उंच खिडक्यांतून पाण्यात उतरलं होतं. पाणी हललं की ऊन हलायचं, ऊन हललं की छत हलायचं. आज खोल बाजूने पहिली उडी. एकेक करून सगळ्या उतरल्या, आणि काठावर एकच राहिली, हडकुळी, स्वतःचेच दंड घट्ट धरून. ताईने शिट्टी ओठांशी नेली, पण वाजवली नाही. अशा वेळी शिट्टी कामाची नसते, हे तिला ठाऊक होतं. ती पोरीकडे जायला निघाली.

तेवढ्यात पाण्यातून त्या पोरीची मैत्रीण ओरडून म्हणाली,

"काही नाही गं, उंबरकळ आहे. उडी मारलीस की जाईल."

ताई ओल्या फरशीवर जागच्या जागी थांबली.

"काय म्हणालीस तू?"

"उंबरकळ, मॅडम." मैत्रिणीने तोंडावरचं पाणी निपटलं. मॅडमना ऐकू आलं नसेल म्हणून तिने शब्द तोडून पुन्हा सांगितला. "उंबर, कळ."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी म्हणजे? असतेच ती. आमच्या वर्गात सगळ्यांना येते, परीक्षेला तर फारच."

"माझ्या आजीलासुद्धा येते," काठावरची हडकुळी थरथरत म्हणाली. "बँकेत जाताना."

ताईने खाली बघितलं. काठाला निळ्या फरशा, त्यांच्या पुढे थेट पाणी.

"पण इथे उंबरा कुठाय?"

पाण्यातल्या पोरीने तिच्याकडे जराशा दयेने बघितलं. इतकी मोठी बाई, आणि एवढं साधं माहीत नसावं.

"उंबरा लागतोच असं नाही, मॅडम. कुठेही येते. तुम्हाला नाही आली कधी?"

"येते की," ताई म्हणाली. "जाते कशी, ते परत एकदा सांग हिला."

"आत गेलं की."

हडकुळीने डोळे मिटले आणि उडी मारली. पाणी फुटलं, छतावरचं ऊन फुटलं, आणि ताईच्या कडक इस्त्रीच्या कुडत्यावर गळ्यापासून खालपर्यंत शिंतोडे उडाले. पोरगी वर आली, खोकली, आणि हसत सुटली. मागच्या बाकावर तिच्या टॉवेलशेजारी एक हिरवी डबी होती. उघड्या झाकणातून पिवळं फडकं डोकावत होतं.

बॅच सुटेपर्यंत ताईला धीर धरवला नाही. तिने पोरींना काठ धरून पाय मारायला लावलं आणि भिंतीशी जाऊन धाकटीला फोन लावला. पलीकडे दुकानाचं शटर वर जात होतं.

"बाईंना काही पाठवू नकोस," ताई म्हणाली. "आणि घरी पोचलीस की इस्त्रीचं टेबल उघड."

"का? काय झालं?"

ताईने पाण्याकडे बघितलं. सगळ्या पोरी एका रांगेत पाय मारत होत्या आणि तलावभर फेस झाला होता.

"पुरावा सापडलाय. जरा ओला आहे. वाळला की घेऊन येते."